गिरणीवाल्या मावशींचा आवाज

ताडकळसच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या गिरणीवाल्या मावशी जन्मभर गिरणीच्या घरघरीवर बोलल्यामुळं गिरणी बंद असतानाही ओरडूनच बोलतात. त्यांनी कानात सांगितलेलं गुपित थेट वेशीपर्यंत जातं!

शाळेच्या निधीसाठी ग्रामसभा बसली. सरपंचांना शाळेपुढं कमान हवी होती. बायका नेहमीप्रमाणं मागं गप्प बसल्या होत्या. तिथूनच मावशी गरजल्या, "पोरींच्या संडासात पाणी न्हाई. दुपारी घरी आल्या की परत शाळंला जात न्हाईत. कमान घेऊन काय चाटायची?"

"मावशी, हळू बोला की!" सरपंच म्हणाले.

"हळूच तर बोलायले मी!"

सभा खदाखदा हसली आणि मागच्या सगळ्या बायकांचे हात पाण्याच्या बाजूनं वर झाले.

आता नळ आलाय. मावशी गिरणीतून विचारतात, "पाणी हाय का गं?"

शाळेतून पोरी तेवढ्याच जोरात ओरडतात, "हाय!"