उजव्या हाताचा चंद्र

त्या हिवाळ्यात आमच्या घरातली एकच खोली गरम असायची. पामर्स्टन नॉर्थमधलं भाड्याचं लाकडी घर, खिडक्यांना एकेरी काच, आणि बाहेर या गावचा तो वारा, ज्याला रविवारचीसुद्धा सुट्टी नसते. संध्याकाळी मी हॉस्पिटलच्या फार्मसीतून आले की आधी सगळे पडदे ओढायचे, दार लावून घ्यायचं आणि हीटर सुरू करायचा. मग झोपेपर्यंत आम्ही तिघं त्या खोलीत कोंडलेले: मी, माझे वडील आणि माझी नऊ वर्षांची लेक. जेवण तिथेच, अभ्यास तिथेच, रुसवेफुगवेही तिथेच. नवरा वेलिंग्टनला नोकरीला होता, शनिवार-रविवार घरी यायचा आणि म्हणायचा, ‘किती छान वाटतं ना असं सगळे एकत्र.’ त्याला काय जातंय म्हणायला.

आई गेली त्यानंतर वर्षाच्या आत मी बाबांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं होतं. पुण्यातल्या शाळेत ते आयुष्यभर विज्ञान शिकवत आले, शेवटी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. रस्त्यात चार पावलं चाललं की कोणीतरी वाकून नमस्कार करायचं. इथे त्यांना गाडी चालवता येत नव्हती, बस कधी यायची ते बसलाच ठाऊक. कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जायचं, दूध आणायचं, एवढाच त्यांचा प्रवास. डेअरीवाला सवयीने ‘हाऊ आर यू’ म्हणायचा आणि बाबा त्याला खरंच गुडघ्यापासून सुरुवात करून सगळं सांगायचे. एक दिवस मटार सोलता सोलता ते म्हणाले, “इथे मला कोणी काही विचारतच नाही गं.” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

म्हणून लेकीच्या शाळेतून चंद्राचा प्रकल्प आला, तेव्हा मला केवढं हायसं वाटलं. रोज संध्याकाळी चंद्र बघायचा, वर्तुळात त्याचा आकार काढायचा. त्याच्या जोडीला इंटरनेटवरच्या तीन साइट शोधायच्या आणि त्यांच्यावर विश्वास का ठेवला तेही लिहायचं. सगळं एका मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवून गुरुवारी संध्याकाळी पालकांसमोर मांडायचं. विश्वास का ठेवला, हा प्रश्न वाचून बाबा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या वेळी पाठ्यपुस्तकावर विश्वास का, असं विचारलं असतं तर वर्गाबाहेर उभं राहावं लागलं असतं.

पण बाबांनी काम अंगावर घेतलं. इतक्या महिन्यांनी त्यांच्या आवाजात वर्गातला जोर आला. फोनच्या लाइनवरून चालणारं आमचं इंटरनेट, जोडताना घशात काहीतरी अडकल्यासारखं खरखरायचं आणि तोवर घरचा फोन बंद. ते लेकीशेजारी खुर्ची ओढून बसायचे. चंद्र म्हणून शोधलं की आधी राशिभविष्य यायचं, मग दुर्बिणी विकणारे, मग माणूस चंद्रावर गेलाच नाही असं ठासून सांगणारा कोणी महाभाग. बाबा एकेकाला नापास करत जायचे. “कोण लिहितोय? कुठे शिकलाय? काही विकतोय का?” हे तीन प्रश्न त्यांनी तिला पाठ करायला लावले. शेवटी दोन परदेशी विद्यापीठांच्या साइट आणि एका मोठ्या वेधशाळेची, अशा तीन निवडल्या. आजही मी कोणाला याहून चांगली रीत सांगू शकणार नाही.

तिन्ही साइटवर एकच चित्र होतं: वाढता चंद्र, उजवी बाजू उजळलेली. बाबा खूश. हे तर ते वर्षानुवर्षं हाताने शिकवत आले होते. उजव्या हाताचा पंजा कमानीसारखा वळवून फळ्यासमोर धरायचे आणि सगळा वर्ग ओरडायचा, शुक्ल पक्ष. डावा हात धरला की कृष्ण पक्ष. मीही त्याच वर्गात शिकले आहे. परीक्षेत बाकाखाली हात वळवून बघणारी पोरं मला अजून आठवतात.

फक्त लेकीच्या वर्तुळात चंद्र डावीकडून उजळलेला होता.

“हे बघ, हे उलटं झालं,” बाबा म्हणाले.

“बट आजोबा, इट लुक्ड लाइक दॅट,” ती म्हणाली. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची.

“घाईत बघितलं असशील. तीन-तीन साइट काय खोटं सांगतायत?” त्यांनी खोडरबर घेतलं, तिची वर्तुळं पुसली आणि स्वतःच्या सुबक हाताने उजवीकडून भरून दिली. मी तेव्हा पोळ्या लाटत होते. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. या देशात येऊन मला चार वर्षं झाली होती, पण नोकरी, परीक्षा आणि वाणसामान यांतून मान वर करून आभाळ बघायला कोणाला सवड होती? आणि बाबा तर अंधार पडला की पडद्याआडच.

सोमवारी मी कामावरून आले तर पुठ्ठा पूर्ण झालेला. मंगळवारचा चंद्र काढलेला, बुधवारचा काढलेला, गुरुवारचासुद्धा. जे दिवस अजून उजाडले नव्हते, त्यांचे चंद्र.

“अगं, आज बघायला नाही का जायचं?” मी विचारलं.

“नो नीड,” ती म्हणाली. “इट्स ऑन द वेबसाइट.”

एरवी अंगावर जाकीट चढवायला वेळ न घालवता मागच्या अंगणात पळणारी माझी पोर कार्पेटवर पडून चित्रं रंगवत होती. मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही हे तेव्हा सांगता आलं नसतं. मी वाळत घातलेले कपडे आणायला बाहेर गेले. वारा चादरी ओरबाडत होता. चिमटे काढता काढता मी वर पाहिलं. उत्तरेला, शेजाऱ्याच्या छपरावर, अर्धा चंद्र होता. डावीकडून उजळलेला.

मी चिमटा तोंडात धरून तशीच उभी राहिले. उजवा हात वर करून वळवला. बसेना. डावा वळवला, तो अगदी बरोबर बसला.

जेवणं झाल्यावर मी कॉम्प्युटर घेऊन बसले. बाबा पेपर वाचत होते. सोमवारी पुण्याहून काकांचा फोन यायचा आणि मी लाइन अडवून ठेवली होती. दर थोड्या वेळाने ते घड्याळाकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी एकामागून एक साइट उघडत होते आणि सगळीकडे तोच उजवा चंद्र. शेवटी इथल्याच हौशी आकाशनिरीक्षकांचं एक पान सापडलं. काळ्या रंगावर लुकलुकणारे तारे, शुद्धलेखनाच्या चुका, खाली किती जण येऊन गेले त्याचा आकडा. बाबांनी ते पहिल्या प्रश्नातच नापास केलं असतं. चित्र एकेक ओळ करत वरून खाली उतरत होतं. त्याच्याखाली साधं लिहिलं होतं: आपण दक्षिण गोलार्धात आहोत, आपण चंद्राकडे उत्तरेला तोंड करून बघतो, म्हणून पुस्तकातली चित्रं आपल्यासाठी उलटी.

इतकं सोपं होतं. विद्यापीठं खोटं बोलत नव्हती. ती आपापल्या अंगणातून बोलत होती, आणि आमचं अंगण दुसरीकडे होतं.

“संपलं का तुझं?” बाबांनी विचारलं. “तो बिचारा फोन लावून दमला असेल.”

“झालंच,” मी म्हणाले आणि पान बंद केलं.

मला सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण समोर ते बसले होते, आईने विणलेला तपकिरी स्वेटर घालून, गुरुवारच्या कार्यक्रमासाठी कोट इस्त्री करून दाराला टांगून ठेवलेला. शाळेच्या बाई त्यांना काही विचारतील म्हणून इंग्रजी वाक्यं मनातल्या मनात जुळवत. या सहा महिन्यांत त्यांना मिळालेली ही एवढीच गोष्ट, आणि ती मी काढून घ्यायची? न सांगावं तर गुरुवारी सगळ्या पालकांसमोर माझ्या लेकीचा पुठ्ठा चुकीचा, आणि मुख्य म्हणजे ती बघायचीच थांबलेली. धड इकडे नाही की तिकडे नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “सांगून टाक ना, त्यात काय एवढं?” मी फोन आपटला. ज्याला त्या खोलीत रात्र काढायची नव्हती त्याला खरंच त्यात काय एवढं.

मंगळवार असाच गेला. मी औषधांच्या बाटल्यांवर लेबलं लावत होते आणि डोक्यात वाक्यं रचत होते. ‘बाबा, गंमत बघा’ अशी सुरुवात करावी, की ‘तुमचं बरोबरच आहे, पण’ अशी? घरी आले की वाक्यं गायब व्हायची. खोली मला इतकी लहान वाटू लागली की मी हीटर बंद करून दार उघडलं, तर दोघंही ओरडली.

बुधवारी शेवटी मी म्हटलं, “बाबा, चादर जड आहे, जरा धरायला येता?” कधी नव्हे ते मी त्यांना काम सांगत होते. ते लगेच उठले, मफलर गुंडाळला, माझ्या मागोमाग आले. चादरीचं एक टोक त्यांच्या हातात देऊन मी नुसती वर बघत राहिले. त्यांनीही पाहिलं. चंद्र आता बराच भरला होता, उजवीकडे थोडी अंधारी कोर राहिली होती तेवढीच.

त्यांनी चादर खांद्यावर टाकली आणि उजवा हात वर धरला. खाली घेतला. मग डावा हात, हळूच, वर्गातल्यासारखा कोपरात वाकवून. बराच वेळ तो तसाच ठेवला. वाऱ्याने मफलर तोंडावर येत होता, तो त्यांनी बाजूला केला नाही.

“उत्तरेला बघतोय आपण,” ते म्हणाले.

“हो.”

“अरे, मग बरोबरच आहे.” आणि ते चक्क हसले. हे मला अपेक्षित नव्हतं. ते तरातरा आत गेले, पुठ्ठ्यासमोर बसले आणि लेकीला हाक मारली. “काढ गं ते रबर. तुझं बरोबर होतं. आजोबा चुकले.”

लेक जागची हलली नाही. माझ्याकडे बघून, मग त्यांच्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “इट्स ओके, आजोबा. वी कॅन लीव्ह इट. नोबडी विल नोटिस.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

तिने होकारार्थी मान हलवली. “आय सॉ इट एव्हरी नाइट. फ्रॉम द बाथरूम.”

बाथरूमच्या खिडकीतून, रोज, एकटीने. ती बघायची थांबलेली नव्हती. आम्हाला सांगायची थांबली होती. बाबांनी तिचा हात धरून रबर तिच्या मुठीत दिलं आणि तिच्याकडूनच सगळी वर्तुळं पुसून घेतली. पुठ्ठा जागोजागी खरवडला गेला, पण चंद्र सगळे डावीकडून उजळले. गुरुवारचं वर्तुळ त्यांनी रिकामं ठेवायला लावलं.

गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये कोट घालून ते पुठ्ठ्याशेजारी ताठ उभे राहिले. बाई आल्या, इथल्या माओरी रीतीने ‘किआ ओरा’ म्हणून नमस्कार केला, आणि बाबांनी जुळवून ठेवलेली वाक्यं सोडून भलतंच सांगितलं. “मॅडम, आय वॉज मिस्टेकन. आय रब्ड आउट हर करेक्ट मून.” बाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्या म्हणाल्या, “स्वीट ॲज,” म्हणजे इथल्या भाषेत ‘छानच की’, लेकीच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या मुलाच्या ज्वालामुखीच्या पुठ्ठ्याकडे गेल्या. ज्या एका वाक्यासाठी मी तीन दिवस गुदमरत होते, ते वाक्य असं आलं आणि गेलं.

परत निघताना शाळेच्या फाटकात गाड्यांची रांग लागली होती. पुढे सरकत नव्हती, मागे जायला जागा नव्हती. आमच्या श्वासांनी काचा धुरकटल्या. लेक मागच्या सीटवर झोपून गेली.

“तुला कधी कळलं?” बाबांनी समोर बघत विचारलं.

“सोमवारी.”

“आणि बुधवारपर्यंत बोलली नाहीस. ती पोरगी तर मी तिची वर्तुळं पुसली तेव्हापासून गप्प. माझ्या वर्गातली पोरं उभी राहून सांगायची, सर, फळ्यावर चुकलंय. मला आवडायचं ते. चुकलो त्याचं मला काही नाही गं. पण माझी चूक मला सांगायला तुम्ही दोघी घाबरलात. मी एवढा म्हातारा कधी झालो?”

पुढची गाडी हलत नव्हती, आणि मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्यांच्या शेजारी बसून राहिले.