माळ्यावरच्या सामानाचा विमा

हिंजवडीतल्या आमच्या सोसायटीत कुणाच्या तरी गीझरने पेट घेतला आणि ताप झाला मला. आमचं काहीच जळलं नव्हतं. पण फ्लॅट भाड्याने दिलेला, आम्ही राहणार पेठेत, उद्या तिथे काही झालं तर कुणी निस्तरायचं? म्हणून विमा उतरवायचा ठरवला. एक फोन केला की काम झालं, अशी माझी समजूत होती.

एजंटने ती पहिल्याच फोनवर मोडीत काढली. फ्लॅटला बाजारात किती भाव आहे ते मी जरा ऐटीतच सांगितलं. तो म्हणाला, "काका, त्यात जागेची किंमत आली. जागा थोडीच जळते? परत बांधायला काय खर्च येईल ते धरायचं." पण इमारतीचा विमा तर सोसायटीने काढलेला होता. म्हणजे भिंती सोसायटीच्या. मग आतले पंखे, ओटा, कपाटं? ती माझी. भाडेकरूंचा फ्रिज? तो त्यांनी बघायचा. आमच्या बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छतातून गळलं तर? त्याला वेगळं संरक्षण. दुरुस्तीसाठी घर रिकामं ठेवावं लागलं आणि भाडं बुडालं तर? ते आणखी वेगळं. भिंत सोसायटीची आणि तिच्यावरचा रंग माझा, इथपर्यंत आल्यावर मी फोन स्पीकरवर टाकला आणि चहा मागितला.

चहा आणता आणता बायकोने विचारलं, "आणि माळ्यावरचं?"

घर भाड्याने द्यायचं, पण माळा द्यायचा नाही, ही आमची रीत. बेडरूमच्या माळ्याला आमचं कुलूप. भाडेकरू बदलत गेले, कुलूप तेच राहिलं. पुण्यातल्या घरमालकांना यात काही विशेष वाटत नाही. एजंट मात्र चक्रावला. सामान तुमचं, राहणार ते, मग ताबा कुणाचा धरायचा? शेवटी म्हणाला, "एकदा बघूनच घेऊ."

शनिवारी आम्ही तिघं तिथे पोचलो. भाडेकरू मुलगी अमरावतीकडची, घरूनच ऑफिसचं काम करते. हॉलच्या खिडकीच्या दांडीला तिने ओढणी बांधली होती. भाड्याच्या घराची काय ही कळा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनेच स्टूल आणून दिलं म्हणून गप्प बसलो.

माळ्यावर अडगळ असेल अशी माझी खात्री होती. निघाले ते दुकानातल्या प्लॅस्टिकमधले पडदे, खोक्यातला डिनर सेट, एक दिवा आणि बाल्कनीत कुंड्या टांगायच्या कड्या. सगळं हॉलमध्ये आणून मांडलं, तसं मला हळूहळू आठवत गेलं. हे घर आम्ही स्वतः राहायलाच घेतलं होतं. मग माझी आई अंथरुणाला खिळली, मग लेकीची बारावी आली, मग माझे गुडघे आणि पेठेतले डॉक्टर. दर वेळी बायको म्हणायची, "बरं, पुढच्या वर्षी." ते ती बोलायचं म्हणून बोलते, असं मी धरून चाललो होतो.

एजंटने विचारलं, "काकू, हे किती वापरलंय? किमतीत तेवढी घट धरावी लागते."

"एकदाही नाही."

"आणि घेतलं कधी?"

"लेक शाळेत होती तेव्हा."

आमच्या लेकीची लेक आता शाळेत जाते. वर्षं धरली तर सगळं झिजलेलं, वापर धरला तर कोरं करकरीत. एजंट डोकं खाजवू लागला. मला त्याची मजा वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

"बरं, शेवटचं सांगा," तो म्हणाला. "पुढे तुम्ही स्वतः इथे राहायला येणार, की भाड्यानेच देणार? पॉलिसी त्यावर ठरेल."

इतक्या दिवसांत उत्तर ठाऊक असलेला हा पहिलाच प्रश्न मला कुणी विचारला होता. पण बायको माझ्याकडे बघत होती. मला तिची भीती वाटली, आणि तिच्याबद्दल फार वाईटही वाटलं.

"तसं सध्या तरी..." मी म्हणालो.

ती खिडकीकडे वळली. तिची नजर ओढणीवर गेलेली पाहून मुलगी ओशाळली. "ऊन येते जी काकू लॅपटॉपवर. कामच करू देत नाही."

बायकोने पडद्यांचं प्लॅस्टिक फाडलं. मुलीने ओढणी सोडली आणि स्टुलावर चढून पडदे लावले. पूर्वी कधीतरी बायकोने एकटीने येऊन मापं घेतली असणार, कारण पडदे इंचभरही कमी पडले नाहीत. तिने ते ओढून घेतले, उघडले, पुन्हा ओढले. कापड थोडा वेळ तसंच मुठीत धरून उभी राहिली.

मग एजंटला म्हणाली, "भाड्यानेच लिहा. आणि सामानातून पडदे वगळा. ते आता वापरात आहेत."