न तळलेला डिंक

देविका पिंगळेला चिंता नसली की काहीतरी विसरल्यासारखं वाटे. गॅस बंद केला का, गिझर चालू राहिला का, आभा बसमधून उतरली का, आणि उतरली असेल तर तिला रस्ता ओलांडता आला का. इलाइट चौराह्याजवळच्या एका विमा कचेरीत ती नोकरीला होती. म्हणजे दिवसभर लोकांना संकटांची आठवण करून द्यायचा तिला पगार मिळायचा, आणि घरी तेच काम ती फुकट करायची.

पिंगळे झाशीत फार जुने. कुणी एक पूर्वज इकडे पूजा सांगायला आले आणि जेवण बरं मिळालं म्हणून राहिले, असं देविकाचे सासरे सांगत. आता घरात मराठी उरली होती ती देवघरात, स्वयंपाकघरात आणि भांडणात. बाकी सगळा कारभार हिंदीत. चौदा वर्षांच्या आभाला तर भांडणातही हिंदीच बरी पडे, आणि भांडण हा तिचा हॉकीनंतरचा दुसरा आवडता खेळ होता.

हॉकी ती झोकात खेळायची. खायची मात्र काही नाही. डबा जसा जाई तसा परत येई. एकदा सरावात चक्कर येऊन पडली तेव्हा रक्त तपासलं, आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. महिनाभराने घरातली तुळस अशी काही माजली की सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवू लागल्या. देविकाला शंका आली, तिने कुंडी उकरली, आणि तुळशीच्या भरभराटीचं कारण मुळाशी सापडलं.

"आभा! या गोळ्या तुझ्यासाठी होत्या!"

"आई यार, उलटी आती है उनसे. आणि तुळशीला बघ ना, किती सूट झाल्या!"

हॉकीचे हर्षित सर देविकाला मैदानाच्या फाटकाशी गाठून म्हणाले, "मॅडम, लड़की दौड़ती कमाल है. बस दो दिक्कतें हैं. खाती नहीं, और मुँह बंद नहीं रखती. पिछले मैच में अंपायर से बहस करके बाहर बैठी. इतवार को ट्रायल है. चक्कर आया या बहस की, तो इस साल टीम भूल जाइए."

तोंड बंद ठेवणं देविकाच्या हातात नव्हतं. ते आभाच्या जन्मापासून कुणाच्याच हातात नव्हतं. खाणं तरी आपल्या हातात असावं, म्हणून ती मोबाइलवर शोधायला बसली. लांबच लांब नखांची एक मुलगी तिथे 'एनर्जी बाइट्स' करत होती. खजूर, ओट्स, चिया, पीनट बटर. ना तूप, ना साखर, ना विस्तव. "आग को हाथ नहीं लगाना है, दोस्तो," असं ती पुन्हापुन्हा बजावत होती, जणू पाहणाऱ्यांपैकी निम्मे लोक आगीत हात घालायलाच बसले होते.

देविका बी.कॉम. होती. सूचना तंतोतंत पाळायच्या आणि सामान मात्र घरचं वापरायचं, हा तिचा बाणा. पीनट बटरऐवजी दाण्याचं कूट. चियाऐवजी अळीव, कारण अळिवात लोह. आणि ताकदीसाठी वरून डिंक.

बडा बाजारातल्या पंसाऱ्याने, म्हणजे किराणा-मसाल्याच्या दुकानदाराने, पुड्या बांधता बांधता मान वर केली. "गोंद भी, हालीम भी? अच्छा बहूजी, अच्छा!" आणि त्याने मूठभर बदाम फुकट घातले. त्या दुकानातून चार पिढ्या मराठी घरांत हे दोन जिन्नस एकत्र जात आले होते, आणि ते बाळंतिणीसाठीच जात आले होते. पंसाऱ्याला हे ठाऊक होतं. देविकाच्या मागे उभ्या असलेल्या भजनी मंडळातल्या शकुंतलाताईंना तर होतंच. ठाऊक असून लक्षात आलं नाही ते एकट्या देविकाच्या, कारण तिच्या डोक्यात लोहाशिवाय काहीच नव्हतं. बदाम मिळाले म्हणून ती खूश होऊन घरी आली.

तिच्याआधी बातमी घरी पोचली होती. शकुंतलाताईंच्या फोनला मंडळातल्या बायका आकाशवाणी म्हणत. सासूबाई, म्हणजे इंदुमतीबाई, फोन ठेवून पाटावर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. सून बेचाळिशीची! पण तिसरा महिना सरेपर्यंत अशा गोष्टीची वाच्यता करायची नाही, हा त्यांच्या माहेरासासरचा नियम. सुनेने स्वतः सांगेपर्यंत आपण विचारायचं नाही, असं ठरवून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. त्यांच्या आयुष्यात ही घटना फारशी घडलेली नव्हती.

शनिवारी दुपारी देविकाने मिक्सर काढला.

"थांब, तो जड आहे," म्हणत इंदुमतीबाईंनी तो तिच्या हातून घेतला.

देविका बघतच राहिली. एरवी सासूबाई पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्याकडून मागून घेत.

खजुराच्या बिया काढून झाल्या. ओट्स भरडले. तीळ आणि कूट पडलं. अळीव कोरडेच पडले. डिंकाचे खडे बत्त्याने कुटून देविकाने त्यात टाकले तेव्हा इंदुमतीबाईंच्या घशाशी वाक्य आलं, की अगं, डिंक तुपात तळून फुलवायचा असतो. पण डिंकाचा विषय काढला की कुणासाठी हा प्रश्न आलाच, आणि तो प्रश्न तर तीन महिने बंद. त्यांनी वाक्य गिळलं आणि निराळ्या वाटेने शिरून पाहिलं.

"कढई ठेवू का गं? उगीच आपली, हाताशी असावी."

"नको आई. याला विस्तव लावायचाच नसतो. तीच तर गंमत आहे."

"लाडवांना?"

"लाडू नाहीत हे. बाइट्स."

"लहान वळले म्हणून नाव बदलतं होय? मग मी पण इंदुमती नाही, आता वाकलेय." असं म्हणून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "तू बसून वळ. पाय वर घे."

गोळे दिसायला देखणे झाले. रात्रभर डब्यात मुरले.

रविवारी सगळं घर मैदानावर. देविकाने जाताना गॅस दोनदा पाहिला आणि सुमेधला, म्हणजे नवऱ्याला, तिसऱ्यांदा पाहायला लावला. आभाने सकाळी फक्त अर्धं केळं खाल्लं होतं. त्यामुळे पहिला अर्धा सामना देविका मुलीचे पाय कुठे लटपटतात का एवढंच बघत होती. हॉकीत गोल होतात हे तिला कुणीतरी टाळ्या वाजवल्यावर कळे.

मध्यंतरात आभा पांढरीफटक होऊन आली. देविकाने डबा उघडला.

"एकच खा. माझी शपथ."

"शपथ मत दो ना यार, इमोशनल अत्याचार है ये." पण अंगात त्राण नव्हतं. तिने एक तोंडात टाकला, घाईत दुसराही कोंबला, वर पाणी प्यायली आणि पळाली.

पाणी प्यायली तिथेच सगळं झालं. कोरडे अळीव पाणी मिळताच फुगले आणि बुळबुळीत झाले. कच्चा डिंक रात्रभर खजुराच्या ओलाव्यात मऊ झालेलाच होता. तो वरच्या दातांना आणि खालच्या दातांना सारख्याच आपुलकीने धरून बसला. सामना सुरू झाला तेव्हा आभाचा जबडा पाकिटासारखा बंद होता.

आणि नेमकं तेव्हाच पंचांनी चुकीची शिट्टी फुंकली. चेंडू समोरच्या मुलीच्या पायाला लागला होता, हे पाणी वाटणाऱ्यालाही दिसलं. आभा गर्रकन वळली. छाती फुगवली, हात वर केला, बोट रोखलं.

"गेली," सुमेध पुटपुटला. "आता दहा मिनिटं भाषण."

हर्षित सरांनी डोळे मिटून घेतले.

आभाच्या तोंडून आवाज आला तो "म्म्ंफ". पंचांनी भुवया उंचावल्या. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा "म्म्ंफ". मग तिने रागाने काठी सरळ केली आणि जे बोलायचं होतं ते सगळं पायांत घालून धावत सुटली. त्यानंतरचे दोन गोल तिचे होते. चक्कर आली नाही. ते अर्ध्या केळ्यामुळे, त्या दोन बाइट्समुळे की निव्वळ संतापामुळे, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.

सामन्यानंतर हर्षित सर आले ते हात जोडूनच. "मॅडम, क्या अनुशासन सिखाया है आपने! एक शब्द नहीं बोली. ले लिया मैंने इसको."

देविकाने थरमासमधलं गरम पाणी पुढे केलं. आभाने बराच वेळ गुळण्या केल्या आणि जबडा उघडल्याबरोबर म्हणाली, "आई! यात काय घातलं होतंस? आणि तो पंच आंधळा है, मैं बता रही हूँ! और मुझे कचोरी चाहिए. दोन. भूक लागलीये मला."

तो शब्द देविकाने तिच्या तोंडून कधी ऐकला होता ते आठवेना. डोळे भरून आले म्हणून ती डबा बंद करायला खाली वाकली, तर इंदुमतीबाईंनी चटकन तिचा दंड धरला.

"वाकू नकोस अशी! कचोरी तू पण खा, पण तेलकट जास्त नको. आता दोघांचं बघायला हवं."

"कोण दोघं?"

इंदुमतीबाईंचं तीन महिन्यांचं कुलूप आठवडाभरात निखळलं. त्यांनी तिच्या पोटाकडे पाहिलं. सुमेधनेही पाहिलं. मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्याचा चेहरा डब्यातल्या गोळ्याच्या रंगाचा झाला.

"तरीच! ऑफिसात सगळे 'बधाई हो' म्हणत होते. मला वाटलं ट्रायलबद्दल. मी सांगत सुटलो, अजून काही नक्की नाही, रविवारी कळेल, झालं तर देवाची कृपा!"

आभा हसून हसून गवतावर लोळली. डिंक, अळीव, फुकटचे बदाम आणि दुकानात मागे उभ्या शकुंतलाताई, हे सगळं देविकाच्या डोक्यात आता एका ओळीत लागलं. तिला आता एकच नवी चिंता होती, की शकुंतलाताईंना फोन आधी करायचा की कचोरी आधी खायची.

तिने कचोरी आधी खाल्ली. घरी येऊन इंदुमतीबाईंनी कढईत तूप तापवून ठेवलं आणि उरलेले गोळे मोडायला घेतले. ते मोडेनात.