घोंगड्याला भ्यालेला नवरदेव

आधी चहाचे कप खाली ठेवा. मागच्या वेळी कँटीनमध्ये हा घोटाळा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता, आन् बोलणी मी खाल्ली. ठेवले? आता ऐका, माणूस स्वतःच्या साखरपुड्यात स्वतःच्या तोंडाला काळं कसं फासतो ते.

मी दत्ता. गाव कवठे येमाई, घर धनगराचं, नोकरी शिक्रापूरला एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. वजन ब्याऐंशी किलो. आमच्या शिवारात उसात बिबट्या असतो, तरी मी उसाला पाणी द्यायला एकटा जातो. विंचू चपलेनं मारलेत. आन् मी घोंगड्याला भितो.

हसा, हसून घ्या. माझा आजा मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचा. त्याचा जन्म घोंगड्यावर, जेवण घोंगड्यावर, झोप घोंगड्यात. आन् त्याचा नातू घोंगडं दिसलं की दार कुठं आहे ते बघतो. आता ह्याला काय म्हणाल?

कारण विचारू नका, कारण नाही. त्या खरखरीत लोकरीवरून कुणी नख ओढलं की माझे दात शिवशिवतात आन् मानेपासून टाचेपर्यंत काटा येतो. तुम्हालाही असतंच की काहीतरी. आमच्या सुपरवायझरला फुगा फुटायची भीती, लेकीच्या वाढदिवसाला तो केक कापेपर्यंत गच्चीवर बसतो. एक ऑपरेटर चिरलेली पपई बघू शकत नाही, म्हणतो त्या बिया माझ्याकडं बघतात. पण त्यांचं लपून जातं. फुग्याला भिणाऱ्याला कुणी विचारत नाही की तुझ्या आज्यानं किती फुगे पाळले होते म्हणून.

घरी मी लहानपणापासून एकच सांगत आलो, मला लोकर खाजते. आईनं ते मान्य केलं. तीस वर्षं प्रकरण दाबून ठेवलं होतं मी.

मग दौंडचं स्थळ आलं. मुलगी अर्चना, तिथल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायला. वडील रेल्वेत, घर रेल्वे लाइनीच्या अलीकडं. पोहे झाले, आन् आम्हा दोघांना मागच्या अंगणात बोलायला पाठवलं. मी पगार, पाळ्या, सुट्ट्या सगळं पाठ करून गेलो होतो. तिनं त्यातलं काहीच विचारलं नाही.

तिचा एकच प्रश्न होता. आधीच्या एका स्थळात म्हणे होणाऱ्या सासूच्या अंगात आलं, आन् देवानं सांगितलं की पोरीनं नोकरी सोडावी. "देवाला माझी नोकरी काय म्हणून खुपली ते मला अजून कळलं नाही," ती म्हणाली. "मी तिथंच नकार दिला. तुमच्या घरात कुणाच्या अंगात येतं का? असेल तर आत्ताच सांगा, राग नाही."

मी छातीवर हात ठेवला. म्हटलं, "आमच्यात कुणाच्या अंगात काही येत नाही. फार तर अंगावर पित्त उठतं."

ती हसली. काय सांगू, त्या हसण्यावर माझ्या बाजूनं स्थळ पास झालं. आता लग्न करीन तर हिच्याशीच, हे मी तिथं अंगणातच ठरवून टाकलं.

आत येऊन बसलो तर तिचे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणतात, मिशीवर हात फिरवत बोलले, "पाव्हणं, आमच्यात साखरपुड्याला जावयाच्या खांद्यावर घोंगडं घालत्यात. नवं करकरीत विणून घेतलंय. ओवाळून हुईस्तवर काढायचं न्हाई."

माझ्या तोंडात आग्रहानं दुसऱ्यांदा वाढलेले पोहे होते. ते मी कसे गिळले माझं मला माहीत.

साखरपुड्याला पंधरा दिवस होते. खाजतं म्हणून सांगता आलं असतं, पण होणाऱ्या सासरी पहिल्याच दिवशी रडगाणं गायचं? धनगराच्या पोरानं? नाही म्हणजे नाही. कंपनीत आम्ही म्हणतो, दोष सापडला की झाकायचा नाही, काढून टाकायचा. मी ठरवलं, पंधरा दिवसांत ही भीती काढायची.

आज्याचं जुनं घोंगडं पत्र्याच्या पेटीत होतं. ते मी चिमट्यानं उचललं. खोटं नाही सांगत, आईचा चुलीवरचा चिमटा. आन् आमच्या कांदा साठवायच्या चाळीत नेऊन ठेवलं, तिकडं सहसा कुणी फिरकत नाही. पहिली पाळी करून कंपनीच्या बसनं पाचला घरी आलो की चाळीत जायचं, दार ओढून घ्यायचं आन् सराव. पहिले दोन दिवस नुसता लांबून बघत बसलो. मग एक बोट लावलं. मग तळहात. पाचव्या दिवशी देवाचं नाव घेतलं आन् खांद्यावर ओढून मांडी घालून बसलो. डोळे गच्च मिटलेले, दातावर दात, सगळं अंग थरथरतंय, आन् तोंडानं चाललंय, "काय होत नाही, काय होत नाही, मागं सर, मागं सर." हे मी भीतीला सांगत होतो.

नेमकी त्याच वेळी माझी आत्या कांदे न्यायला आली. ही आत्या आमच्याच घरी असते. मनानं सोनं, पण कान थोडे कमी. तिनं हळूच विचारलं, "दत्या, काय रं झालं?"

दात आवळलेले असताना माणूस किती बोलणार? मला म्हणायचं होतं, घोंगडं अंगावर घेतलं की काटा येतो. तोंडातून निघालं, "आत्ये, घोंगडं अंगावर घेतलं की येतं."

"अंगात?"

मी ऐकलं 'अंगावर'. मान डोलावली. म्हटलं, "लहानपणापासनं. कुणाला सांगू नको, लाज वाटते."

"लाज कसली रं त्यात," आत्या म्हणाली आन् माझ्या पायापाशी वाकली. मला वाटलं कांदा उचलतेय.

बघा, 'वर' आन् 'त'. एवढाच फरक. पण मराठी भाषेत त्यावर माणसाचा देव होतो.

दुसऱ्या दिवसापासून घरात काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. आत्या मला 'अरे दत्या' म्हणायची, ती 'अहो' म्हणायला लागली. माझं ताट आधी वाढलं जाऊ लागलं. चाळीच्या दारात कुणी नारळ ठेवून जायचं, कुणी लिंबं. मी म्हटलं, साखरपुड्याची तयारी चाललीय. शेजारच्या पारूकाकूंनी तर मला हात जोडले आन् 'देवा' म्हणाल्या. मला वाटलं नवरदेवाचं लाडानं 'देवा' केलंय. चक्क लाजलो मी.

ह्या पारूकाकूंची शेळी हरवली होती. मी सरावाला बसलेलो असताना त्या दाराबाहेर येऊन काहीतरी पुटपुटल्या. मला आपलं डोळे मिटून 'मागं सर, मागं सर' चाललं होतं. काकू 'मागं' एवढंच ऐकून घरी गेल्या, घराच्या मागं बघितलं, तर शेळी कडबा खात उभी. आता ती शेळी आपल्या पायानं आली होती, पण श्रेय कुणाला गेलं असेल? मला ह्यातलं काही ठाऊक नाही, माझं सगळं लक्ष घोंगड्यावर. चौदाव्या दिवशी मी सलग दहा मिनिटं बसलो. थरथर होती, पण बसलो. आईनं विचारलं की रोज चाळीत काय करतोस, तर म्हटलं कांदा निवडतो. ती बिचारी खूश झाली.

साखरपुड्याला आम्ही दोन जीप करून दौंडला गेलो. आत्यानं कमरेला एक पिशवी लावली होती. काय आहे विचारलं तर नुसती हसली.

मांडव भरला होता. टिळा झाला, फेटा बांधला, आन् आबा ते नवं घोंगडं घेऊन उठले. अर्चना ओवाळायचं ताट घेऊन समोर उभी. मी पाय रोवले, डोळे मिटले आन् मनात म्हटलं, ये. आबांनी घातलं. जुन्या घोंगड्याची लोकर वापरून वापरून मऊ झालेली असते हो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नव्यानं मानेला जो दणका दिला, त्यानं माझे गुडघे एकमेकांवर वाजायला लागले. पण मी हललो नाही. ओवाळून होईपर्यंत काढायचं नाही म्हणजे नाही. "काय होत नाही," मी सुरू केलं, "मागं सर, मागं सर."

तेवढ्यात कानाशी आत्याचा आवाज फुटला, "आलं! देव आलं!" आन् त्या पिशवीतला मूठभर भंडारा माझ्या डोक्यावर पडला.

डोळे उघडले तर सगळा मांडव पिवळा. पारूकाकू पाया पडून मांडवाला शेळीची गोष्ट सांगतायत. पाठोपाठ आमच्या गावचे आणखी चौघं. मग दौंडकर कशाला मागं राहतील? अर्चनाचे एक काका पुढं आले आन् बदली कधी होईल म्हणून मला विचारायला लागले. आबांनी फेटा काढून हात जोडले. आन् माझी आई लांबून बघत होती, तिच्या तोंडावर एकच भाव, की कांदा निवडण्याचा आन् ह्याचा काय संबंध?

मी बघत होतो अर्चनाकडं. तिनं ताट खाली ठेवलं. चेहऱ्यावर राग असता तर परवडला असता. तिचे डोळे भरले होते.

ती एवढंच म्हणाली, "तुम्ही छातीवर हात ठेवून सांगितलं होतं."

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? गप्प बसलो तर मी देव, आयुष्यभर नारळ आन् पहिलं ताट, पण पोरगी गेली. खरं बोललो तर दोन गावांसमोर इज्जत गेली. मी घोंगडं खांद्यावरून खाली टाकलं आन् होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"माझ्या अंगात कुणी येत नाही. मी घोंगड्याला भितो. लहानपणापासून भितो. हे थरथरणं भीतीचं आहे, देवाचं नाही."

लाइनीवरून मालगाडी गेली, नुसत्या आवाजावरून तिचे डबे मोजता आले असते. मग आबा म्हणाले, "धनगराचं पोर घोंगड्याला भितंय? कुनाला सांगतूयास?" आन् आत्यानं निकाल देऊन टाकला की देव आपली परीक्षा बघतोय, त्याचं बोलणं मनावर घेऊ नका. पुन्हा एक मूठ भंडारा. म्हणजे बघा, मी खोटं न बोलता देव झालो होतो, आन् आता खरं बोलूनही मला माणूस होता येईना.

अर्चनानं डोळे पुसले. ती पुढं आली आन् सगळ्यांना शांतपणे म्हणाली, "आमच्याकडं नुसतं सांगितलेलं धरत नाहीत. तपासून बघतात."

तिनं ते घोंगडं उचललं, दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर फडाफडा झटकलं आन् चालत माझ्या अंगावर आली. एक लोकरीचा बारका पुंजका उडाला आन् माझ्या ओठावर बसला.

पुढचं मला तुटक आठवतंय. पाट उडाला. मांडवाचा एक बांबू बरोबर आला. कुणाच्या तरी हातातली भज्यांची परात गेली. मागून हाका येत होत्या, आन् मी फेटा सांभाळत, पिवळा धमक, गल्लीतून, बाजारातून, रिक्षावाल्यांच्या मधून सुसाट. थांबलो तो थेट दौंड स्टेशनच्या फलाटावर. समोर पुण्याची डेमू गाडी उभी. एका बाईनं मला बघून लेकराला जवळ ओढलं.

मी बाकड्यावर बसलो. म्हटलं, दत्ता, संपलं. बिबट्याला न भिणारा माणूस साखरपुड्यातून पळाला. आता कुठल्या तोंडानं परत जायचं? डेमूत बसावं आन् जावं. एक पाय डब्यात ठेवलाही होता, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात फोन वाजला. अर्चना.

"कुठं आहात?"

"स्टेशनवर."

"गाडीत बसला नाहीत ना?"

मी डब्यातला पाय हळूच बाहेर काढला. म्हटलं, "नाही."

"मग या परत. घोंगडं वडिलांनी माळ्यावर टाकलंय. सगळ्यांना पटलं. देव कधी असा पळत नसतो म्हणाले."

"आन् तुम्हाला?" मी विचारलं. छाती धडधडत होती, आन् ती काही नुसत्या पळण्यानं नाही.

ती म्हणाली, "मला वाटतं तुमच्यासारखा खरं बोलणारा दुसरा मिळणार नाही. आन् मला पालीची भीती वाटते, ते आत्ताच सांगून ठेवते. या लवकर, भजी दुसरी तळायला घेतलीत."

गेलो. सगळ्यांसमोर मान खाली घालून गेलो, पण गेलो. शालीवर साखरपुडा झाला. आता लग्नाला तीन वर्षं झालीत. शिक्रापूरला आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवीन बिऱ्हाड आलं की त्या घरची बाई विचारते, तुमचं अरेंज का लव्ह? मी काही बोलायच्या आत अर्चनाच उत्तर देते.

"आम्ही पळून जाऊन लग्न केलं," ती म्हणते. "पळाले फक्त हे एकटेच."