सुमनच्या नावाचं पार्सल

आज पार्सल आलं.

चार स्पार्क प्लग, चारशे ऐंशी रुपये. एक इग्निशन कॉइल, चौदाशे पन्नास. गाडीचा बिघाड वाचणारा छोटा स्कॅनर, सहाशे एकोणपन्नास. डिलिव्हरी फ्री.

मागवणारी शनिवारी गेली.

सुमन. माझी धाकटी जाऊ.

पार्सलवाल्याने ओटीपी मागितला. तो तिच्याच मोबाइलवर आला. मोबाइल तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या भाऊजींच्या खिशात. त्यांनी आकडे वाचून दाखवले आणि घरात न येता तसेच गोठ्याकडे गेले.

गोठ्यात आता एकच गाय उरली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावात बायकांची दूध संस्था आहे, सुमन तिची सचिव. यंदा पाऊस नाही. निम्मी जनावरं चारा छावणीला गेली, निम्मी बाजारात. दूध इतकं आटलं की टेम्पोवाला म्हणाला डिझेलही सुटत नाही, आणि यायचा बंद झाला. दूध रोज मांजरसुंब्याच्या चिलिंग सेंटरला पोचलं नाही तर संस्थाच बंद.

मग सुमनने घरची जुनी कार काढली. मागची सीट उतरवली, तिथे डबे बांधले आणि स्वतः स्टेअरिंगवर बसली.

पारावरचे लोक विचारायचे, वहिनी, गाडीत काय डांबून नेता? ती म्हणायची, तुमच्या म्हशीनं लपवून ठिवलेलं दूध.

मला म्हणायची, "छावणी उठंल आक्का, जनावरं माघारी येतील. तवर संस्था जित्ती ठिवायची."

पहिल्यांदा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तेव्हा भाऊजींनी काय केलं, तिच्याच पाकिटातली टिकली काढून दिव्यावर चिकटवली. आता दिसतोय का? न्हाई ना? मग झालं तर.

सुमनने ती टिकली सोलून स्वतःच्या कपाळाला लावली.

"टिकलीची जागा ही हाय. तिथं काय झाकायलात?"

मग व्हिडिओ बघून शिकायला लागली. भाकरी थापता थापता मला ऐकवायची, मी हरिपाठ थांबवून ऐकायचे.

दिवा नुसता लागून राहिला तर सावकाश जाता येतं, पण लवकर तपासायचं. आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट बसलंय का बघायचं. ऑइलची पट्टी पुसून बघायची. बॅटरीची वायर काढून परत लावली की दिवा विझतो, पण बिघाड जागच्या जागी राहतो. हे ती स्वतः फसून शिकली.

आणि दिवा लुकलुकायला लागला तर गाडी रेटायची नाही. उभी करायची.

त्या खेपेला एअर फिल्टर धुळीनं भरलेला निघाला. दुष्काळात रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. तिने नवा फिल्टर स्वतः बसवला, दोन-चार फेऱ्यांत दिवा आपोआप गेला. त्या दिवशी तिने देवापुढे गूळ ठेवला, आणि अर्धा गाडीपुढे.

मागच्या आठवड्यात मांजरसुंब्याला दिवा लुकलुकायला लागला. इंजिन हिसके खायला लागलं. तिने ढाब्यावर गाडी लावली, एका ड्रायव्हरकडून स्कॅनर मागून घेतला. तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी नीट पडत नव्हती. मग तिने तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर लावली आणि पुन्हा तपासलं. बिघाड दुसऱ्यावर सरकला. म्हणजे कॉइलच गेलेली.

मला सांगताना म्हणाली, "दूध नासलं तर आपण डबा बदलून बघतो की न्हाई? तसंच हाय."

एका पिकअपला दोर बांधून गाडी घरी आणली. सामान मागवलं. तोवर भाऊजी मोटारसायकलला डबे अडकवून दूध नेत होते.

शनिवारी दुपारी ती छातीला हात लावून ओट्यावर बसली. पित्त असंल म्हणाली. पण घाम थांबेना. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती लांब कुठंतरी गेलेली. मोटारसायकलवर तिला बसवेना. भाऊजी म्हणाले, किल्ली दे, कार काढतो.

किल्ली तिच्या कमरेला खोचलेली होती. तिने मुठीत धरली.

"दिवा लुकलुकायलाय. इंजिन जाईल. मग दूध कशात नेता? एस्टी येईलच की आता."

भाऊजी ओरडले, हात जोडले. तिने मूठ उघडली नाही.

एस्टी आली. लिंबागणेशला तिने खिडकीतून देवळाच्या दिशेने हात जोडले. मांजरसुंब्याच्या अलीकडे तिची मान माझ्या खांद्यावर आली. मला वाटलं, डोळा लागला.

मूठ तेव्हा आपोआप सुटली होती.

भेटायला येणारे म्हणतात, गाडीचं कळायचं बिचारीला, स्वतःचं कळलं नाही. कृपा करून असं बोलू नका. तिला सगळं कळत होतं. गाडी आणि ती, यांत तिने गाडी वाचवली.

आणि कशासाठी वाचवली ते आता काय सांगू. शनिवारपासून भाऊजी ना मोटारसायकल काढत, ना कारला हात लावत; संस्थेचं दूध गेलेलं नाही. डबे पालथे पडलेत. बायका खाजगीवाल्याला दूध घालायला लागल्या. त्यांना मी कोणत्या तोंडाने अडवू? आभाळात काही नाही, छावणी कधी उठेल ते कुणालाच ठाऊक नाही.

पार्सल परत करता येतं म्हणतात. भाऊजींकडून तिचा मोबाइल घेऊन बघितलं, ॲपमध्ये कारण निवडावं लागतं. वस्तू फुटलेली आली. चुकीची आली. उशिरा आली. गरज राहिली नाही.

मी मोबाइल खाली ठेवला.

भाऊजींना विचारलं तर म्हणतात, तुमीच बघा वहिनी.

सुमन, जा बाई सुखानं. किल्ली देवापाशी ठेवली आहे.

हे सामान परत पाठवू की बसवून घेऊ? बसवलं तर गाडी चालवणार कोण? गावात दुसरी कुणी बाई चालवत नाही, पुरुषांना एवढ्याशा दुधासाठी वेळ नाही. कुणाला काही सुचत असेल तर उलट टपाली कळवा. फोन नको, बोलणं होत नाही.