कुंजीबीच्या विहिरीचं पाणी

रामटेके सर गेले त्याच्या तीन दिवस आधी मी जबलपुरात त्यांच्या दीक्षितपुऱ्यातल्या खोलीत बसले होते आणि त्यांनी माझ्याकडे एक साधी गोष्ट मागितली होती. मी ती केली नाही. हे सगळं लिहायला बसले ते त्यामुळेच, तेव्हा आधीच सांगून टाकते.

पलंगाशेजारच्या स्टुलावर काथ्यात गुंडाळलेली बाटली होती, दर वर्षी यायची तशी, दूरच्या एका बेटावरून पोस्टानं आलेली. काथ्याची गाठ सोडण्याइतकाही जोर त्यांच्या बोटांत उरला नव्हता. मीच सोडली. औषधांनी तोंडाची चव पार गेली होती, आमरस आणि पेज त्यांना सारखीच लागायची. झाकणात थोडं पाणी घेऊन त्यांनी ते जिभेवर धरलं, बराच वेळ धरलं, आणि मान हलवली. "काहीच समजून नाही राहिलं, ताई. तुम्ही पाहा बरं चाखून." मी म्हणाले, नमुना चाखायचा नसतो सर, चार दिवस द्या, कॉलेजच्या लॅबमध्ये तपासून आकडा आणून देते. ते हसले. हे माझं वाक्य त्यांनी पंचवीस-तीस वर्षं ऐकलं होतं. बाटली पिशवीत घालून मी गढ्याला घरी आले आणि ती फ्रीजवर ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरमालकांच्या सुनेचा फोन आला. "आंटी, अंकल नहीं रहे..." बोलता बोलता माझी नजर फ्रीजवर गेली. बाटली तशीच होती.

आमची ओळख ऑफिसातली. जमिनीखालचं पाणी शोधणारं आमचं खातं. ते भूवैज्ञानिक, मी लॅबमध्ये नमुने तपासणारी. मी नोकरीला लागले तेव्हा सगळीकडे हिंदी चाललेली, आणि पहिल्याच आठवड्यात नमुन्यांची पेटी घेऊन आलेल्या एका उंच, किडकिडीत माणसानं मला विचारलं, "तुम्ही मराठी आहा न?" मला त्या दिवशी माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांचे वडील जुन्या प्रांतात नागपूरच्या एका कचेरीत शिपाई होते. राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, यांची कचेरी इकडे जबलपूरला आली, आणि कचेरीबरोबर हे कुटुंबही. सर सांगायचे, आमच्या बापानं नागपूरचं घर सोडलं तेव्हा दोन वर्षांत परत येऊ म्हणून कुलूप लावलं होतं. आई-वडील जबलपुरातच वारले, लग्न राहून गेलं, आणि सर त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत एकटेच राहिले.

मधली दोन वर्षं मात्र ते बेटावर होते. अरबी समुद्रातलं बोटभर बेट, चालायला लागलं की अर्ध्या तासात दुसऱ्या टोकाचा समुद्र दिसतो म्हणायचे. नाव कधी घेत नसत, नुसतं 'बेट'. तिथल्या पिण्याच्या पाण्याचा अभ्यास करायला त्यांना पाठवलं होतं. ना नदी, ना ओढा, फक्त उथळ विहिरी, प्रत्येक घराची एक. परत आले तेव्हा काळे ठिक्कर पडले होते. लोक विचारत, काय साहेब, मजा केली ना समुद्रावर? ते हो म्हणत आणि विषय बदलत.

मला त्यांनी खरी हकीकत सांगितली ती जबलपूरजवळच्या पनागरच्या रस्त्यावर. तिथल्या भाजी पिकवणाऱ्यांच्या विहिरी उन्हाळ्यात तळाला गेल्या होत्या आणि आम्ही जीपमधून पाहणीला निघालो होतो. विहीर आटली की काय सांगायचं हे आमच्याकडे ठरलेलंच असतं, दोन हात खोल करा. शेतकरी करतो, खालच्या खडकातून पाणी लागतं, साहेबाचं नाव होतं. बेटावर पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या कुंजीबीच्या विहिरीत जेमतेम वीतभर पाणी राहिलं, तेव्हा सरांनी तेच सांगितलं. तेही खाली उतरून, पहिली पहार स्वतः मारून. तिथे घर बाईचं असतं, विहीरही बाईचीच. कुंजीबीनं एकदा विचारलं म्हणे, आमच्या आयांनी एवढीच का खणली असेल? सरांना भाषा पुरती कळली नाही आणि प्रश्नही कळला नाही. दोन हात खणलं. भरपूर पाणी लागलं. तिनं त्याच पाण्याचा, शेळीचं दूध घालून, त्यांना चहा पाजला.

पंधरा दिवसांनी तिच्या चहातलं दूध फाटलं.

वाचकांना समजावं म्हणून सांगते. अशा बेटाखाली पावसाचं गोड पाणी समुद्राच्या पाण्यावर तरंगत असतं, वरणावर तूप तरंगावं तसं. वरच्यावर उचललंत तर तूप मिळतं, चमचा खाली घातलात की वरण येतं. आमच्या सरांनी चमचा खाली घातला होता, आणि वर आलेल्या खाऱ्या पाण्यानं दूध फाटलं होतं. हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण हात पनागरचा होता. त्यानंतर कुंजीबी दुसऱ्या घरून पाणी आणू लागली. त्यांना एका शब्दानं बोलली नाही, फक्त चहाऐवजी शहाळं पुढे करायची. दुसऱ्या वर्षी त्यांनी वाळू आणि पोवळ्याचा चुरा टाकून तो खड्डा पुन्हा बुजवला, पण पाणी काही सुधारलं नाही.

हे सांगून झालं. मग ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, ताई. वरून कोणी ओंजळीत ओतलं त प्यायचं, नाही त तसंच घरी यायचं. आन् त्या बाईनं पहिल्याच दिवशी मले पोहरा हातात देला. नाव नाही विचारलं का गाव नाही विचारलं. तिची विहीर मी खराब केली."

मला आमचं घर आठवत होतं. बेटावर जाण्याच्या थोडंच आधी ते आमच्याकडे गढ्याला आले होते, आणि सासूबाईंनी आम्हा सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात पाणी देऊन त्यांना तेवढं काचेच्या पेल्यात दिलं होतं. तो पेला नंतर मागच्या नळावर वेगळा घासला गेला. त्यांनी पाहिलं. मी पाहिलं, आणि त्यांनी पाहिलेलंही पाहिलं. मी काही बोलले नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. ते आमच्याकडे पुढेही येत राहिले, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करत राहिले. याची मला आज जितकी लाज वाटते तितकी तेव्हा वाटली नव्हती, हेही लिहून ठेवते.

बेटावरून आल्यावर वर्षभरानं खात्यानं त्यांच्याकडून एक टिपण मागवलं. बेटाच्या गोड्या पाण्याबद्दल कोणतं संशोधन आधी व्हावं आणि कोणतं मागाहून, याची क्रमवार यादी. सरांनी महिनाभर खपून ती केली. बैठकीला मी आकडे घेऊन हजर होते. इतर लोकांच्या याद्यांत समुद्राचं पाणी गोडं करायची यंत्रं होती, पावसाच्या पाण्याच्या मोठमोठ्या टाक्या होत्या. सरांच्या यादीत तेही होतं, पण खाली. पहिला प्रश्न होता: बिघडलेली विहीर सुधारायला किती वर्षं लागतात आणि कशानं सुधारते? बाहेरून आलेल्या मोठ्या साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "रामटेकेजी, इसमें रिसर्च कहाँ है? एक कुआँ ही तो है।" सर म्हणाले, "जी, एक ही है।" आणि खाली बसले. यादी छापली गेली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न शेवटून दुसरा झाला होता. पुढे त्या यादीचं काय झालं कोणाला ठाऊक नाही, मला वाटतं काहीच झालं नाही.

मग त्यांनी ते काम स्वतःच घेतलं. बेटावरच्या शाळेतल्या मास्तरांना लिहून ठरवलं की दर वर्षी उन्हाळा सरता सरता, पावसाळ्यासाठी जहाजं बंद व्हायच्या आत, कुंजीबीच्या विहिरीची एक बाटली जबलपूरला निघायची. ती यायची काथ्यात गुंडाळून, कधी महिन्यानं, कधी दीड महिन्यानं. बाटली आली की सर डबा खाऊन झाल्यावर लॅबमध्ये यायचे. आधी स्वतः चाखायचे आणि एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून चिठ्ठी घडी करून ठेवायचे. मग मी बुरेट, म्हणजे थेंब सोडायची मापाची काचनळी, लावायची, पिवळं पाणी विटकरी होईपर्यंत थेंब मोजायची आणि क्षाराचा आकडा सांगायची. त्यानंतर ते चिठ्ठी उघडायचे. चिठ्ठीवर आकडा नसायचाच. त्यांचं माप स्वयंपाकघरातलं होतं. 'भातात मीठ नको' म्हणजे फार वाईट. त्याखाली 'वरणात अर्धं मीठ'. त्याखाली 'चहा फाटतो'. शेवटची पायरी होती 'चहा होतो', ती कधी आली नाही. मी चिडवायची, सर, तुमची जीभ खात्याच्या रजिस्टरात नाही. पण खरं सांगते, माझ्या आकड्यात आणि त्यांच्या चिठ्ठीत मला कधी फरक सापडला नाही.

पाण्याचा खारटपणा हळूहळू उतरत होता. 'भातात मीठ नको'वरून 'वरणात अर्धं मीठ' यायला कितीतरी बाटल्या गेल्या. मग बेटावर विजेच्या मोटरी आल्या, घरोघरी पाणी जोरात उपसायला लागले, आणि आकडा पुन्हा चढला. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, पाहा सर, दोष मोटरींचा आहे, तुमचा खड्डा कधीच बुजला. ते म्हणाले, "एका विहिरीवरून असं कसं सांगता येईल, ताई? माझा खड्डा का मोटर, हेच त शोधून राहिलो मी." मी आयतं हातात दिलेलं सांत्वन त्यांनी नमुना नाकारावा तसं परत केलं. मला राग आला होता. दोन-तीन वर्षांनी कुंजीबीनं आपली मोटर काढून टाकली आणि मुलीच्या हातात पुन्हा पोहरा दिला, असं मास्तरांचं पत्र आलं, आणि आकडा परत उतरू लागला.

सर निवृत्त झाले, मग मीही झाले. ओळखीच्या कॉलेजात एक टेबल वापरायला मिळायचं, तिथे आमचा हा वार्षिक कार्यक्रम चालायचा. माझे यजमान गेल्यावर वर्षातून एवढाच एक दिवस मी नीट साडी नेसून बाहेर पडायची. मुलगा पुण्याला असतो. फोनवर म्हणतो, "मम्मी, मराठी समझ में आती है, बस बोली नहीं जाती।" पुण्यात राहून! त्याचं त्याला हसू येतं, मलाही येतं. पण रविवारी सरांचा फोन यायचा, "काय करून राहिल्या?" म्हणून, त्याचं उत्तर मराठीत द्यायचं असायचं. आता माझ्या तोंडून दिवसभरात मराठी निघते ती देवापुढे आणि भाजी करपली की. रविवारी अकराच्या सुमाराला मी अजून फोनजवळच्या खुर्चीत जाऊन बसते, उठते, पुन्हा बसते.

मागच्या आठवड्यात घरमालकांच्या सुनेनं बोलावलं. सरांचा पुतण्या येऊन पुस्तकं आणि कागद घेऊन गेला होता, खोली रिकामी करायची होती. "आंटी, ये इतना सारा पानी रखा है अंकल का, फेंक दूँ?" खिडकीच्या खालच्या फळीवर सगळ्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात काथ्यानं बांधलेली चिठ्ठी. काहींतलं पाणी उडून तळाला पांढरा पापुद्रा धरला होता. मी खाली बसून एकेक चिठ्ठी वाचली. शेवटच्या पाच बाटल्यांवर सलग 'चहा फाटतो', 'चहा फाटतो'... आणि गेल्या वर्षीच्या चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात, 'पण उशिरा'. ते त्यांनी मागाहून घरी चहा करून पाहून लिहिलं असावं, मला दाखवलं नव्हतं. मी रिक्षा बोलावून सगळ्या बाटल्या घरी आणल्या.

यंदाची बाटली मी कॉलेजात नेली नव्हती. आकडा आता सांगायचा कोणाला, म्हणून आज-उद्या करत राहिले होते. परवा दुपारी ती फ्रीजवरून उतरवली. कपभर पाणी पातेल्यात ओतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी नमुना स्वयंपाकघरात नेला. पत्ती टाकली, साखर टाकली, आणि दूध घालताना माझा हात थांबला. मग घातलं. गॅस मोठा केला. उकळी वर आली, खाली बसली, पुन्हा वर आली. मी भिंगाचा चष्मा लावून पातेल्यात वाकून पाहत उभी राहिले. दूध फाटलं नाही.

सासूबाईंचा तो काचेचा पेला फडताळात मागे अजून आहे. त्यात चहा गाळला आणि ओट्याशी उभ्यानंच सगळा प्यायले. शेवटच्या घोटाला जिभेच्या कडेला किंचित मीठ होतं, पण चहा तो चहाच होता. एका वर्षाच्या नमुन्यावरून काही म्हणता येत नाही हे मला कळतं, सरांनी तर म्हणूच दिलं नसतं. मास्तरांना पत्र लिहिलंय, कुंजीबीला वाचून दाखवा म्हणून, की सर गेले, आणि पुढच्या वर्षीची बाटली खालील पत्त्यावर पाठवावी. खाली माझा पत्ता घातला आहे.

मग एका चिठ्ठीवर त्यांच्याच शब्दांत लिहिलं, 'चहा होतो', आणि ती काथ्यानं बाटलीच्या गळ्यात बांधली. मी चार दिवस मागितले होते. सात आठवडे लागले.