काकपदताई आणि रविवारचे राजे

आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर विद्वान बसत आणि तळघरात आम्ही. मी पानं लावायचो. आधी शिशाचे खिळे जुळवून, मग म्हातारपणी संगणकावर. शेजारच्या खोलीत मुद्रितशोधक बाई बसायची. सगळी कचेरी तिला काकपदताई म्हणे. काकपद म्हणजे वाक्यात राहून गेलेला शब्द घुसवायची खूण, कावळ्याच्या पावलासारखी. ही खूण करायचा हात तिला आवरायचा नाही. न्हाव्याच्या दुकानाची पाटी, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, शेजारणीची किराण्याची यादी, काही सुटायचं नाही. नवऱ्याचं पहिलं प्रेमपत्र तिनं लाल शाईत दुरुस्त करून परत पाठवलं होतं म्हणे. त्यानं ते सुधारून पुन्हा पाठवलं, तेव्हा हिला पटलं की माणूस लग्नाच्या लायकीचा आहे. तोही बिचारा अजून लिहिण्याआधी दोनदा विचार करतो, बोलण्याआधी चारदा.

अशा बाईच्या हातात इंटरनेट पडलं. म्हणजे माकडाच्या हाती कोलीत नव्हे, सुताराच्या हाती रंधा.

संगणकाच्या क्लासला जाणाऱ्या नणंदेनं तिला ब्लॉग उघडून दिला. नाव ठेवलं ‘समास’, पानाच्या कडेची कोरी जागा. मुद्रितशोधकाचं सगळं आयुष्य त्या जागेत जातं, म्हणून. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. आधी मोडेम घसा खाकरायचा, मग किंचाळायचा, मग लागलं तर लागायचं. तेवढा वेळ घरचा फोन बंद.

“पाऊण तास झाला,” सासूबाई ओरडायच्या. “कोणाशी भांडतेयस एवढी?”

“भांडत नाही हो आई, लिहितेय.”

“मग मान कशाला हलवतेस तशी?”

पहिल्या महिन्यात पानाखालच्या काउंटरनं चारशे बारा वाचक दाखवले. घरात पेढ्यांची भाषा सुरू झाली. मग नणंदेनं सांगितलं की पान उघडून बघणारा प्रत्येक जण मोजला जातो, लिहिणारा स्वतःसुद्धा. हिशेब केला तर तीनशे नव्वद वेळा हीच. पण बाईनं तोंड पाडलं नाही. काउंटरच्या मोहावरच एक झणझणीत लेख लिहिला आणि त्याला खरोखरीचे साठ वाचक मिळाले.

ती कशावरही लिहायची. अक्षरांच्या जागी चौकोन दाखवणाऱ्या फॉन्टवर. ‘एकाकी वादळ’ असं नाव घेऊन इतरांना शिव्या देणाऱ्यांवर. ‘ही ई-मेल अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट घडेल’ यावरचा तिचा लेख तर मी पाठ केला होता. त्या धमकीत सहा चुका निघाल्या होत्या. ज्याला धड धमकी लिहिता येत नाही तो अनिष्ट काय घडवणार, असा तिचा सवाल. दूरदेशीची माणसं खाली उत्तरं लिहायची. कोणी नर्स, कोणी बोटीवरचा स्वयंपाकी, कोणी निवृत्त पोस्टमन. आणि तिचा एक नियम होता: चूक झाली तर खोडून गायब करायची नाही. चुकीवर आडवी रेघ मारायची, खाली बरोबर काय ते लिहायचं, आणि चूक दाखवणाऱ्याचं नाव घालायचं. आता बघा, लोक रात्री बरळतात आणि सकाळी मजकूरच नाहीसा करतात, वर तोंड करून विचारतात, कुठे काय म्हणालो? तेव्हाही असे होते, पण कमी होते.

तिनं स्वतःचं नाव मात्र कुठं घातलं नव्हतं. कचेरीचा नियम, परवानगीवाचून बाहेर लिहायचं नाही. समास कोणाचा, हे घरच्यांना ठाऊक आणि मला. मी कोणाला सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, चहावाल्याला सांगितलं. पण त्याला ब्लॉग म्हणजे एखादा आजार वाटला.

आता दुसऱ्या मजल्याकडे वळू. तिथं आमचे स्तंभलेखक बसत. रविवारच्या पुरवणीचं अर्धं पान त्यांचं, म्हणून आम्ही त्यांना रविवारचे राजे म्हणायचो. संगणकाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. ‘ब्लॉग म्हणजे सार्वजनिक भिंतीवर कोळशानं लिहिणं’ असं त्यांनी छापून सांगितलं होतं. मात्र त्यांचा मदतनीस त्या भिंतीवरचं बरंचसं कागदावर छापून रोज टेबलावर आणून ठेवायचा, हे आम्हा तळघरवाल्यांना उशिरा कळलं.

एका बुधवारी दुपारी पुरवणीचं प्रूफ घेऊन काकपदताई माझ्याकडे आली. कान लाल झालेले.

“काका, हे वाचा.”

वाचलं. गावातल्या जुन्या पोस्टाबाहेर बसून निरक्षरांची पत्रं लिहून देणाऱ्या माणसावरचा लेख होता. दुसऱ्यांच्या मनातलं लिहिणारा, पण खाली स्वतःचं नाव नसलेला माणूस. आणि आज ब्लॉगवर बिननावानं लिहिणारे त्याचेच वारस. सुरेख लेख. महिन्यापूर्वी मी तो समासवर वाचला होता. राजांनी पहिल्या दोन ओळी बदलल्या होत्या, ब्लॉगवाल्यांना ‘वारस’ऐवजी ‘नक्कल’ म्हटलं होतं, आणि मध्ये स्वतःला बसवलं होतं: ‘लहानपणी पोस्टाच्या घड्याळाखाली मी स्वतः त्याच्याकडून पत्र लिहून घेतले आहे.’

“अगं, पण पोस्टाला घड्याळ...”

“नव्हतंच! ती माझी चूक. घड्याळ समोरच्या पाण्याच्या टाकीवर आहे. तिसऱ्या दिवशी पोस्टमननं दाखवली, मी रेघ मारून दुरुस्त केली. यांनी पहिल्या दिवशीचा कागद उचललाय.”

मला हसू आवरेना. छापखान्याची जुनी खोड ती. कागदावर आलं की बदलत नाही, अशी आमची समजूत. ब्लॉग तिसऱ्या दिवशी बदलतो हे राजांच्या गावीही नव्हतं.

“सोडून दे चूक,” मी म्हणालो. “पडू दे तोंडघशी.”

“आणि माझी बावीस वर्षं? डोळ्यांदेखत एक चूक सोडलेली नाही मी.”

“मग दुरुस्त कर.”

“म्हणजे माझाच चोरलेला लेख मीच स्वच्छ करून त्यांच्या नावावर द्यायचा?” तिचा आवाज चिरकला. “वर जाऊन बोंब मारली तर नियम मोडला म्हणून मला काढतील. गप्प बसले तर माझे शब्द जन्मभर त्यांचे. काका, यातलं एकही मला गिळवत नाही.”

पाच मिनिटं ती पेन्सिल चावत बसली. मग ती जे नेहमी करते तेच तिनं केलं. मुद्रितशोधकाला मजकूर बदलायचा अधिकार नसतो. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह घालून लेखकाकडे पाठवायचं असतं. तिनं लिहिलं, ‘पोस्टास घड्याळ होते का? कृपया तपासावे.’ प्रूफ वर गेलं. तासाभरात खाली आलं. प्रश्नावर काट मारलेली, शेजारी ऐटबाज अक्षरात: ‘मी प्रत्यक्ष पाहिले आहे. बदलू नये.’ खाली सही, तारीख.

ताईनं ते प्रूफ घडी घालून खणात ठेवलं आणि पुढचं पान वाचायला घेतलं. मी मात्र त्या दिवशी दोन डाव्या कॉलमांत एकच बातमी लावली.

रविवारी लेख छापून आला. सोमवारी सकाळी कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोस्टमननं तर पोस्टाच्या इमारतीचे चारी बाजूंचे फोटो काढून पाठवले होते, एकातही घड्याळ नाही. समासच्या वाचकांनी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी लावून संपादकांना पाठवले. बोटीवरच्या स्वयंपाक्यानं कुठल्या बंदरातून कोण जाणे, चार वेळा पाठवले. संपादकांचा संगणक अकरा वाजता बंद पडला.

केबिनमध्ये ताईला बोलावणं आलं. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण अशा वेळी माझे गुडघे दुखत नाहीत.

“घड्याळाची चूक कोणी सोडली?” संपादक गरजले.

“मुद्रितशोधकानं,” राजे म्हणाले. “आणि ते ब्लॉगचं म्हणाल तर चोरी त्या बेनामी बाईनं केलीय. माझं लिखाण लोक उचलतातच.”

ताईनं प्रूफ टेबलावर उलगडलं. संपादकांनी प्रश्न वाचला, उत्तर वाचलं, सही वाचली.

“तुम्ही प्रत्यक्ष पाहिलं होतं?” त्यांनी राजांना विचारलं. “तुमचं बालपण तर दुसऱ्या गावी गेलं ना?”

“सुट्टीत... येत असू.”

“साहेब,” ताई म्हणाली, “ब्लॉगवर लेखाची तारीख आहे, महिन्यापूर्वीची. चूक आहे, तिच्यावर रेघ आहे, दुरुस्ती आहे. आणि ती बेनामी बाई मी आहे. परवानगी घेतली नव्हती. काढायचं तर काढा. पण लेख माझा आहे.”

“पुरावा?” राजे ओरडले. “कोणीही उठून म्हणेल!”

“तुमचा संगणक चालू होतोय का, साहेब?”

झाला. मोडेम किंचाळलं. अर्ध्या कचेरीनं दारात गर्दी केली. ताईनं संपादकांच्या खुर्चीत बसून परवलीचा शब्द टाकला आणि सगळ्यांदेखत समासवर लिहिलं, ‘आत्ता मी आमच्या संपादकांच्या केबिनमध्ये बसले आहे. पत्रलेखकावरचा लेख माझा.’ खाली पहिल्यांदा स्वतःचं संपूर्ण नाव. दोन मिनिटं काहीच नाही. मग खाली एक ओळ उमटली. नर्सची होती. ‘अखेर भेटलात, बाई!’ मग दुसरी, मग सहा, मग मोजणं सोडलं.

दारातल्या शिपायानं टाळी वाजवली आणि सगळा मजला वाजवू लागला. संपादकांनी दोन्ही हात वर केले. “नियमाचं मी बघतो,” ते म्हणाले. “लेख येत्या रविवारी पुन्हा छापू. दुरुस्तीसकट. यांच्या नावानं, त्याच जागी.”

त्याच जागी, म्हणजे राजांच्या अर्ध्या पानावर. ते पान मी लावलं. आयुष्यात लावलेल्या पानांपैकी एवढं सरळ दुसरं नाही. सासूबाईंनी पेपरवाल्याच्या सगळ्या प्रती विकत घेतल्या आणि जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला उभं करून वाचून दाखवलं. म्हणे, “मान उगाच नव्हती हलवत आमची सून.”

आणि त्यानंतरच्या बुधवारी रविवारचे राजे तळघरात उतरले. इतक्या वर्षांत त्यांनी प्रूफची खोली पाहिलेली नव्हती. दोनदा चुकून कागदाच्या गोदामात शिरले. दारात उभे राहून म्हणाले, “बाई, जरा बोलायचं होतं. माफी...”

ताईनं पेन्सिल न थांबवता स्टुलाकडे बोट केलं.

“बसा ना. एवढं पान संपवते.”

राजे बसले. तिचं ते एक पान चांगलं तीन पानांचं निघालं.